आधी भिंत, मग रंग

मित्रांनो, मी एक जुनं सोनोग्राफीचं यंत्र आहे. जवळ या, पण माझ्या पाठीमागची जाळी तेवढी अडवू नका. तिथून माझा पंखा श्वास घेतो, आणि तो कोंडला की मला धड काही दिसत नाही, धड काही सुचत नाही. तसाही मी स्वस्थ बसणाऱ्यांतला नव्हेच. पंख्याची घरघर सदा चालू, पडद्याचा कोपरा उगाच थरथरतो, आणि पुढचं डावं चाक झिजून चपटं झालेलं असल्यामुळे कुणी जरा ढकललं की माझं कुई-कुई रडगाणं सुरू होतं.

माझं काम काय, ते आधी सांगतो. मी हाक मारतो. तुमच्या कानांना ऐकू येत नाही अशी बारीक हाक. ती पोटात शिरते, कशावर तरी आपटते आणि परत येते. परत आलेल्या प्रत्येक सादेचा मी एक ठिपका काढतो. ठिपक्याला ठिपका लागत जातो आणि आतलं अख्खं जग पडद्यावर उभं राहतं. लोक म्हणतात, हे यंत्र बघतं. खरं सांगू का, मी ऐकतो. पण जे ऐकलं ते मला बोलून दाखवता येत नाही, नुसतं चितारून दाखवता येतं. समोरच्याने नीट पाहिलं तर ठीक, नाहीतर मी आपला घरघरत उभा. या एका गोष्टीपायी माझा जीव कसा टांगणीला लागला होता, ते ऐका.

एका मोठ्या कारखान्यात पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी मला जुळवलं. पाण्याच्या डब्यात ताणून बांधलेले दोरे मला दाखवायला लावले, आणि ते सगळे दिसले तेव्हा कुठे मला पास केलं. तिथून मी गेलो एका दवाखान्यात. तिथले डॉक्टर जाड चष्म्याचे आणि हळू हाताचे. पडद्याखालच्या माझ्या पट्टीवर एक बटण आहे. ते दाबलं की वाहतं रक्त लाल-निळं रंगून येतं. शिकाऊ मुलं यायची आणि हौसेने पहिलं तेच बटण दाबायची. डॉक्टर त्यांच्या बोटांवर हलकी टिचकी मारायचे. म्हणायचे, "आधी भिंत, मग रंग. नळी कशी आहे ते बघितलंच नाहीस, तर पाणी कसं वाहतंय ते बघून काय करणार?"

ते शब्द माझ्या आत कायमचे जाऊन बसले.

किती आयांना मी त्यांच्या बाळाचं इवलं काळीज उडताना दाखवलं! त्या माझ्या पडद्याला असा हात लावायच्या, जसा देवाच्या पायांना लावावा. त्या वेळी वाटायचं, आपल्यासारखे भाग्यवान आपणच. मग नवं यंत्र आलं. सडपातळ, चकचकीत, आवाज न करणारं. मला जिन्याखाली ढकललं. माझ्या अंगावर तुटक्या खुर्च्या, डोक्यावर फरशी पुसायची बादली. अंधारात उभा राहून मी स्वतःलाच विचारायचो, बाबा रे, तुझी हाक संपली का?

संपली नव्हती. एक दिवस एक उंच गृहस्थ आले, बादली बाजूला केली, माझी वायर तपासली आणि म्हणाले, "चालेल. लहान मुलांच्या नसा बघायचा बारका प्रोब आहे ना याला? मग उंदरांना पुष्कळ झाला."

ते मोठे सर. अशा रीतीने मी संशोधनाच्या इमारतीत आलो. प्रोब म्हणजे माझा हात, जो अंगावर टेकवतात तो. बारका प्रोब खुंटीवर लागला, आणि माणसांच्या पोटासाठी असलेला माझा मोठा प्रोब खालच्या खणात गेला तो गेलाच.

मित्रांनो, तुमच्या-आमच्या पोटातून पाठीच्या कण्याला चिकटून एक मोठी रक्तवाहिनी खाली जाते. कधी कधी तिची भिंत एका जागी कमजोर होते, आणि ती तिथे फुगत जाते. दुखत नाही, खुपत नाही, गाजावाजा नाही. आणि एक दिवस फुटते. फुटली की माणूस हातचा जातो. ही भिंत मुळात कमजोर का होते, हेच इथे शोधत होते. त्यासाठी होते उंदीर. रक्तात चरबी साठणाऱ्या जातीचे. त्यांच्या पाठीवर कातडीखाली शेंगदाण्याएवढी कुपी बसवायची. तिच्यातून थेंबाथेंबाने असं द्रव्य सुटायचं की काहींच्या त्या वाहिनीला फुगवटा यायचा. प्रयोगशाळेत त्याला सगळे सरळ ‘फुगा’ म्हणत.

उंदरांचं करणारे होते पिंजरेवाले काका. खाणं, पाणी, भुसा बदलणं, सगळं त्यांच्याकडे. उंदीर ओळखू यावेत म्हणून कानाला खाचा पाडतात. एकाच्या कानाची खाच वाढून कानच दुभंगला होता, त्याचं नाव काकांनी ठेवलं कानफाट्या.

"चला कानफाटे महाराज, फोटो काढायला," असं म्हणत ते त्याला घेऊन यायचे. "ताई, जरा प्रेमाने हं. काल चावला नाही मला तो."

"म्हणजे रोज चावतो?"

"रोज नाही हो. त्याला बरं वाटत असलं म्हणजे."

या ताई म्हणजे इथल्या संशोधक. बारीक अंगाच्या, घाईच्या, केसांत पेन्सिल खोचून ती खोलीभर शोधणाऱ्या. उंदराला वासाच्या औषधाने झोपवायचं, कोमट पाटीवर उताणं निजवायचं, पोटावरचे केस काढून कोमट जेल लावायचं, आणि मग माझा बारका प्रोब टेकवायचा. टेकवताना त्या दर वेळी हळूच म्हणायच्या, "सॉरी हं बाळा." कुणी ऐकत नसे. मी ऐकायचो.

ताई इतक्या का धडपडत होत्या, ते मला फोनवरून कळलं. त्यांचे हात मोज्यांत असायचे, म्हणून फोन माझ्या पट्टीवर ठेवून स्पीकर चालू करायच्या.

"हं बाबा, बोला. हातात उंदीर आहे."

"तुझ्या हातात कायम उंदीरच असतो. जेवलीस का?"

"जेवते. तुम्ही सर्जनकडे जाऊन आलात का?"

मग पलीकडून खोकल्याचा आवाज.

ताईंचे बाबा उभा जन्म टायरच्या दुकानात राबलेले. टायर उतरव, ट्यूब तपास, ठिगळ लाव, टायर चढव; आणि सोबतीला सिगारेट. मूतखडा आहे का म्हणून तपासायला गेले, तर खडा राहिला बाजूला आणि पोटातल्या मोठ्या वाहिनीला फुगा सापडला. चांगला वाढलेला. सर्जन म्हणाले, ऑपरेशन करून टाका, उशीर नको. बाबांनी धसका घेतला.

"पोट उघडून आतली नळी बदलणार म्हणे," ते फोनवर सांगायचे. "मी काय गाडी आहे का? त्यापेक्षा तू औषध शोधतेयस ना, ते शोध लवकर."

"ते उंदरांसाठी आहे बाबा. माणसांपर्यंत यायला वर्षं जातात."

"मग मला उंदीर समज."

ताई हसायच्या. पण फोन ठेवल्यावर त्यांचा हात प्रोबवर जरा घट्ट व्हायचा, आणि ते मला कळायचं.

त्या औषधाचीच परीक्षा चालू होती. फुगा आलेल्या निम्म्या उंदरांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. आणि फुगा वाढला की उतरला ते मोजायचं माझ्या पडद्यावर. इथेच गोची झाली. उंदराची ती वाहिनी जेमतेम मिलिमीटरभर जाडीची. माझा पडदा म्हातारा. इतकी बारीक भिंत त्यावर पुसटच दिसायची. रंगाचं बटण दाबलं की मात्र आतलं रक्त लालभडक उठून दिसायचं. मोठे सर म्हणाले, "मग रंगच मोजा. लाल या कडेपासून त्या कडेपर्यंत. सगळ्यांचं एकाच पद्धतीने मोजलं म्हणजे झालं." तेव्हापासून खोलीत एकच बोली सुरू झाली. दारातून डोकावून सर विचारायचे, "रंग मोजला का?" ताई म्हणायच्या, "मोजला."

आणि रंग बारीक होत चालला! औषधवाल्या उंदरांचा लाल पट्टा दर खेपेला आधीपेक्षा अरुंद. कानफाट्याचा तर सगळ्यांत जास्त. जवळजवळ निरोगी उंदराइतका. सर खुशीत शीळ घालत जायचे. काका म्हणायचे, "बघा, मी म्हटलं नव्हतं? परवापासून रोज चावतोय."

ताईंनी फोन लावला. "बाबा, फुगा उतरतोय!"

"कुणाचा, माझा?"

"उंदरांचा हो!"

"मग माझाही उतरेल. मी काय उंदरापेक्षा वाईट आहे?"

दोघं पोटभर हसले. मी मात्र आतून नुसता तडफडत होतो. कारण लाल पट्ट्याच्या दोन्ही अंगांना, दुधावर साय धरावी तसा एक राखाडी थर मी रोज काढून दाखवत होतो. माझी हाक त्या थरात जाऊन जड होऊन परत येत होती. ते वाहतं रक्त नव्हतं. थिजून भिंतीला बसलेली गुठळी होती. फुगा होता तेवढाच होता, थोडा वाढलाच होता. आत गुठळी भरत गेली म्हणून रक्ताची वाट तेवढी अरुंद झाली होती. आणि ही मंडळी वाट मोजत होती, भिंत कुणीच मोजत नव्हतं. मी पडदा थरथरवला, ताईंनी त्यावर चापट मारली. मी पंखा घरघरवला, काकांनी जाळीवरची धूळ झटकली. मुक्याने किती ओरडावं?

मग ती सकाळ उजाडली. काका एरवी बोलत बोलत येणारे. त्या दिवशी गप्प आले, हातात कापडावर ठेवलेला कानफाट्या. थंडगार पडलेला.

"ताई," ते म्हणाले, "काल संध्याकाळी चावला होता हो मला."

ताईंनी त्याला उघडून पाहिलं. पोटात सगळं रक्त. फुगा फुटला होता.

"पण हा तर बरा होत होता," ताई पुटपुटल्या. "सगळ्यांत जास्त हाच."

त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. मी जपून ठेवलेलं कानफाट्याचं शेवटचं चित्र त्यांनी पडद्यावर आणलं. लाल पट्टा, अगदी बारीक, अगदी छान. त्या बघत राहिल्या, बघतच राहिल्या. आणि मग, का कोण जाणे, त्यांनी रंगाचं बटण बंद केलं.

लाल गेलं. राहिला राखाडी पडदा. त्या पुढे झुकल्या, इतक्या की त्यांच्या श्वासाची वाफ माझ्या काचेवर धरली. बोटाने त्यांनी पुसट भिंतीची एक कड गाठली, मग दुसरी. मोजलं. परत मोजलं. मग एकामागून एक सगळ्या उंदरांची चित्रं काढली, रंग घालवून, भिंतीपासून भिंतीपर्यंत. 

"काका," त्या म्हणाल्या, "एकाचाही फुगा उतरलेला नाही."

तेवढ्यात दारात खोकला ऐकू आला. बाबा. काखेत डबा, तोंडभर हसू. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो: रुंद खांदे, आणि बोटांच्या पेरांत मुरलेला काळेपणा.

"सकाळी न खाताच पळालीस, म्हणून आणला," ते म्हणाले. "आणि एक बातमी आहे. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती मी सोडून दिली. सर्जनला स्पष्ट सांगितलं, माझी मुलगी औषध काढतेय, त्याने फुगा उतरतो. ते बघतच राहिले."

ताईंच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"बाबा, बसा."

"का गं? तोंड का असं?"

"औषध लागू पडत नाहीये. माझं मोजायचं चुकलं. तुम्ही आत्ता फोन करा आणि तारीख परत घ्या."

बाबा बसले नाहीत. "परवा उतरत होता आणि आज नाही? असं कसं?"

"असंच आहे."

"तुला भीती वाटतेय म्हणून बोलतेयस हे. उंदीर मेला वाटतं एखादा? मरतात उंदीर. मी काही चढत नाही त्या टेबलावर." आणि त्यांनी डबा इतक्या जोरात ठेवला की झाकण उडालं.

काका मध्ये पडले. "अहो, ऐकून तर घ्या पोरीचं."

"पोरीचंच ऐकून तारीख सोडली ना मी!"

ताईंनी पडलेली पेन्सिल उचलून केसांत खोचली. आणि मग ताईंनी माझा खालचा खण उघडला. माझा मोठा प्रोब बाहेर काढला. मित्रांनो, माझं काळीज म्हणजे हा पंखा, पण त्या क्षणी तो एकदा चुकलाच. किती काळ तो प्रोब तिथे पडून होता! वायर ताठरलेली, रबर पिवळं पडलेलं. ताईंनी तो पुसून जोडला आणि काकांच्या मदतीने मला ढकलत शेजारच्या बैठकीच्या खोलीत नेलं. मी कुई-कुई करत गेलो.

"झोपा कोचावर," त्या म्हणाल्या. "हा काही रिपोर्ट नाही. रिपोर्ट सर्जनकडे आहेच. मला फक्त दाखवायचंय."

"हा म्हातारबा दाखवणार?" बाबांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "याचं चाकच धड नाही."

तरी ते आडवे झाले. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि हाक मारली. पहिल्यांदा नुसता धूर. दोन-तीन जागी काळ्या रेघा. प्रोबमधले हाक मारणारे तेवढे कण मेलेले होते. ताईंनी जरा दाबलं, जरा कलवलं. मी जीव एकवटून ऐकलं. आणि आली साद! कण्याच्या पुढ्यात ती वाहिनी ठोके देत उभी राहिली.

ताईंनी रंगाचं बटण दाबलं. मधोमध एक लाल पट्टा, सरळ, सुबक.

"हे बघा. कसं वाटतंय?"

"चांगलंच आहे की," बाबा मान उचलून म्हणाले. "कुठे आहे फुगा?"

"मी पण इतके दिवस हेच बघत होते." आणि त्यांनी रंग घालवला.

लाल पट्ट्याच्या भोवती राखाडी गुठळीचा गोळा, आणि त्याच्याही बाहेर, लांब, ताणून ताणून बारीक झालेली भिंत. दर ठोक्याला ती जराशी हलत होती. 

बाबांनी कोपरावर रेलून पडदा न्याहाळला. मग हळूच म्हणाले, "अगं, हा तर टायरचा फुगा. बाजूच्या भिंतीवर येतो तसा."

"हो बाबा."

"आतले धागे तुटले की येतो तो."

"हो." ताईंनी प्रोब तसाच धरून ठेवला. "असा टायर घेऊन कुणी दुकानात आलं तर तुम्ही काय करायचात?"

ते छताकडे बघत राहिले.

"सांगा ना बाबा. हवा भरून देऊन म्हणायचात का, जा खुशाल लांबच्या रस्त्याला?"

"मी चावी काढून घ्यायचो गाडीची," बाबा म्हणाले. "शिव्या द्यायची माणसं. तरी घ्यायचो." त्यांनी पोटावरचं जेल स्वतःच पुसलं, सदऱ्याची बटणं लावली. मग खिशातून फोन काढून मुलीच्या हातात दिला. "लाव त्या सर्जनला. आणि बोल तूच. मला परत तारीख मागायला लाज वाटेल."

मित्रांनो, त्यानंतर ताई आल्याच नाहीत. किती दिवस, ते मला सांगता येणार नाही; आमच्या खोलीला खिडकी नाही. मी चालू झालो की दाराकडे कान लावायचो. ऑपरेशन झालं का? भिंत तोवर टिकली का? जाणाऱ्या-येणाऱ्याला मी काय आणि कसं विचारणार? काका उंदरांना खाऊ घालताना कुणाशी ना कुणाशी बोलायचे, पण नेमकं तेवढंच बोलत नव्हते. कानफाट्याचा रिकामा पिंजरा त्यांनी धुऊन पालथा ठेवला आणि बाकीच्यांना भुसा जरा जास्तच घातला.

एक दिवस मोठे सर आत आले. मला वाटलं, चिडणार. ज्या निकालावर त्यांनी शीळ घातली होती तो पाण्यात गेला होता. ते माझ्यासमोर बसले, चष्मा पुसला आणि प्रत्येक उंदराचं प्रत्येक चित्र स्वतः मोजायला लागले, भिंतीपासून भिंतीपर्यंत. शेवटी खुर्चीत मागे रेलून काकांना म्हणाले, "रंग मोजा म्हणून मीच सांगितलं होतं हो तिला." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच: "पण जिथे गुठळी जाड, तिथलीच भिंत सगळ्यांत पातळ दिसतेय. ही गुठळीच भिंतीला खात नसेल ना?"

एक प्रश्न बुडाला आणि त्याच जागी दुसरा वर आला. मला पुन्हा चैन पडेना.

आणि मग एका सकाळी बाहेर तो खोकला ऐकू आला! पण खोकला तेवढा ओळखीचा. चालणं मागच्यासारखं नव्हतं, फार सावकाश. दारात ताई, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बाबा. खांदे उतरलेले, सदरा ढगळ झालेला.

"कुठे आहे तो म्हातारबा?" त्यांनी विचारलं.

"बाबा, वाकायचं नाही तुम्ही. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"मी कुठे वाकतोय? काका वाकतील. काका, जरा उचला याला डावीकडून."

काकांनी मला ठोकळ्यावर टेकवलं. बाबांनी खिशातून ट्यूबच्या रबराची एक पट्टी आणि चिकटवायच्या रबरी सोल्यूशनची डबी काढली. खुर्चीत बसूनच, काकांनी हातात दिलेलं माझं चपटं चाक घासलं, पट्टी ओढून गुंडाळली, आसाला ग्रीस लावलं. त्यांची काळी बोटं चाकावरून अशी फिरत होती, जसा प्रोब पोटावरून फिरतो.

"आयुष्यात पहिल्यांदाच इतका लहान टायर केला," ते म्हणाले. "माझ्या आत बसवलीय त्या नळीएवढाच असेल, नाही गं?"

"गप्प बसा बाबा," ताई म्हणाल्या, आणि रडता रडता हसल्या.

त्या दिवशी ताईंनी आणखी एक केलं. चिकटपट्टीचा एक तुकडा घेतला, त्यावर दोन शब्द लिहिले आणि माझ्या रंगाच्या बटणाच्या वर डकवला. ‘आधी भिंत.’ ताईंनी त्या जाड चष्म्याच्या डॉक्टरांना कधी पाहिलेलं नाही. ते शब्द इतकी वर्षं मी मुक्याने वागवत होतो, आणि कानफाट्या नावाच्या एका चिमुकल्या जिवाने ते त्यांच्यापर्यंत पोचवले.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना जिन्याखाली लोटू नका. वायर पुसा, पंख्याची जाळी मोकळी ठेवा. आम्ही दाखवतो ते शेवटच्या कडेपर्यंत बघा. उठून दिसणाऱ्या रंगापाशी थांबू नका. आणि ज्या मुक्या जिवांच्या पोटातून तुमच्यासाठी उत्तरं शोधली जातात, त्यांना हात लावताना तो कोमट असू द्या.

फुगा मुळात का येतो, ते अजून सापडायचं आहे. काका नव्या उंदराला घेऊन येताहेत, तो त्यांना चावलेला दिसतोय. ताई मला भिंतीपासून पुढे ओढताहेत. आणि ऐका जरा, चाकाचा आवाज येतोय का?